नांगराखालचा खंदक

ऑक्सफर्डपासून आग्नेयेला दहाएक मैलांवर चॅलग्रोव्ह नावाचं गाव आहे. इंग्लंडच्या इतिहासात ते ओळखलं जातं एका लढाईसाठी. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात, 18 जून 1643 रोजी, संसदेच्या बाजूचा मोठा पुढारी जॉन हॅम्पडन इथे जबर जखमी झाला आणि सहा दिवसांनी वारला. 1843मध्ये त्याच्या स्मरणार्थ इथे स्तंभ उभारला गेला. 2003मध्ये ह्याच शिवारात रोमन नाण्यांनी भरलेलं मडकं सापडलं. त्यातल्या एका नाण्यावर दुसरा डोमिशियन ह्या जवळजवळ विसरलेल्या सम्राटाचा चेहरा होता. त्याचं असंच एक नाणं त्याआधी सुमारे शंभर वर्षं फ्रान्समध्ये मिळालं होतं, पण ते बनावट असावं अशी शंका घेतली जात होती. ती शंका चॅलग्रोव्हच्या नाण्याने दूर केली.

लढाईला स्तंभ मिळाला, नाण्याला वर्तमानपत्रांत जागा मिळाली. चॅलग्रोव्हच्या मातीने जपलेला सर्वांत मोठा ठेवा मात्र तिसराच आहे. गावच्या हार्डिंग्ज फील्ड ह्या जमिनीत 1976 ते 1979 ह्या काळात ऑक्सफर्डच्या पुरातत्त्व पथकाने उत्खनन केलं आणि मातीखालून एक अख्खा मध्ययुगीन वाडा बाहेर आला. भोवती खंदक, आत बैठकीचं मोठं दालन, मालकाच्या कुटुंबाच्या खोल्या, स्वयंपाकघर, अंगण आणि शेतीच्या कामाच्या इमारती. तेराव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ, इथे माणसं नांदली. नंतर सगळं उतरवलं गेलं आणि जागा विस्मरणात गेली. इंग्लंडमध्ये आजवर उजेडात आलेल्या अशा खंदकवेढ्या वाड्यांपैकी सर्वांत पूर्ण नमुन्यांत ह्याची गणना होते.

चॅलग्रोव्ह एकटं नाही. इंग्लंडमध्ये अशा सुमारे 6,000 जागांची नोंद आहे. एसेक्स, सफोक, केंब्रिजशायर, वॉरिकशायर अशा चिकण मातीच्या प्रदेशांत त्या दाटीवाटीने आहेत. आयर्लंडच्या आग्नेय भागातही शेकड्यांनी आहेत. काही वाडे आजही उभे आहेत. केंट परगण्यातला आयटम मोट हा चौदाव्या शतकातला वाडा पाण्याने वेढलेल्या अवस्थेत पाहता येतो आणि वर्षभर पर्यटक तिथे जातात. पण अशा नशीबवान वाड्यांची संख्या थोडी. बाकीच्या हजारो ठिकाणी आज गहू, बार्ली किंवा नुसतं चराऊ गवत आहे. जमिनीत एखादी उथळ, चौकोनी वळणाची खळगी दिसते, पावसाळी दिवसांत तिथे पाणी साचतं, ट्रॅक्टरचं चाक रुततं. शेतकऱ्याला ती अडचणीची जागा वाटते. मध्ययुगातल्या एका घराची ती चौकट असते.

खंदक कशासाठी?

खंदक म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे परांड्याचा किंवा नळदुर्गाचा भुईकोट उभा राहतो: वेढा, तोफा, तट, मोर्चे. इंग्लंडच्या शेतातले बहुतेक खंदक ह्या जातीचे नव्हेत. ते खणले गेले मुख्यतः 1250 ते 1350 ह्या शंभर वर्षांत. पुष्कळ ठिकाणी आतल्या बाजूला तट नव्हता, बुरूज नव्हते. काही खंदक तर तीनच बाजूंनी होते. शिडी आणि दहा माणसं घेऊन आलेल्या शत्रूला त्यांनी फार वेळ थोपवलं नसतं.

मग एवढी माती उपसण्याचा खटाटोप कशाला? याचं पहिलं उत्तर प्रतिष्ठा हे आहे. राजे आणि मोठे सरदार पाण्याने वेढलेल्या किल्ल्यांत राहत. त्यांच्या खालच्या पायरीवरचे लहान जमीनदार, मठ, आणि जंगल तोडून नवी शेतं काढणारे स्वतंत्र शेतकरी यांना आपणही कुणीतरी आहोत हे दाखवायचं होतं. दगडी तट आणि कंगोरे बांधायचे तर राजाकडून परवाना घेण्याचा रिवाज होता. खंदकाला तो लागत नसे. फावडी हवीत, मजूर हवेत आणि पाणी धरून ठेवणारी चिकण माती हवी. ती ह्या प्रदेशांत भरपूर होती. वॉरिकशायरच्या आर्डन भागात तेराव्या शतकात रानं तोडून जी नवी वस्ती झाली, तिथे अशा खंदकांची गर्दी आहे ती ह्यामुळेच.

पण रोजचा उपयोगही होता. उपसलेली माती आतल्या बाजूला टाकली की घराचं जोतं उंच होई आणि दलदलीच्या मुलखात पाय कोरडे राहत. खंदकात मासे पाळता येत. त्या काळच्या ख्रिस्ती समाजात शुक्रवारी आणि ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य होतं, त्यामुळे घरच्या पाण्यातल्या माशाला मोल होतं. लाकडी घरं आणि गवताची छपरं असलेल्या जगात आग लागली तर पाणी हाताशी असे. चोरांना आणि भटक्या जनावरांना अडसर होई. तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये वाटमारी आणि चोऱ्यांची भीती एवढी होती की 1285च्या विंचेस्टर कायद्याने हमरस्त्यांच्या दोन्ही कडांची झाडी तोडायला लावली होती. अशा काळात रात्री पुलावरचं दार बंद करून निजण्यात सुख होतं. आणि शेवटची गोष्ट सांगायलाच हवी: घरातली घाण, शेणकूट, राख, उष्टं-खरकटं आणि शौचकूपाची सोय, हे सगळं ह्याच पाण्यात जात असे.

ह्या शेवटच्या गोष्टीतच ह्या जागांचं खरं महत्त्व आहे. खंदक खणला मिरवण्यासाठी. त्याने जपलं ते मात्र कुणीही कधी मिरवलं नसतं असं: फळांच्या बिया, तुटकी वाटी, झिजलेला जोडा, स्वयंपाकघरातली हाडं. मध्ययुगाच्या कागदपत्रांत राजांची फर्मानं आहेत, जमिनीचे दावे आहेत, जमाखर्च आहेत. मालकाच्या घरात काय शिजत होतं आणि त्याच्या चाकरांच्या पायांत काय होतं, ह्याचा पुरावा चिखलात आहे.

सरळ रेघ निसर्ग काढत नाही

गाडलेला खंदक सापडतो कसा? पहिली खूण कागदावर असते. इंग्लंडच्या शेतांना नावं आहेत, आणि ‘मोट फील्ड’ (मोट म्हणजे खंदक), ‘हॉल क्लोज’, ‘कोर्ट क्लोज’ अशी नावं जिथे येतात तिथे अभ्यासक थबकतो. 1836च्या एका कायद्यानंतर चर्चला द्यायच्या शेतसाऱ्यासाठी गावोगावचे तपशीलवार नकाशे तयार झाले. त्यांत शेत, मालक, कूळ, पीक आणि शेताचं नाव नोंदलेलं आहे. ऑर्डनन्स सर्व्हे ह्या सरकारी नकाशा खात्याने जुन्या वास्तू वेगळ्या वळणदार अक्षरांत छापण्याची प्रथा पाळली. त्या अक्षरांतला ‘मोट’ हा शब्द आज शेकडो नकाशांवर दिसतो.

दुसरी खूण आकाशातून दिसते. 1906मध्ये लष्कराच्या बलूनमधून स्टोनहेंजची छायाचित्रं घेतली गेली, तेव्हापासून ही वाट उघडली. पहिल्या महायुद्धात विमानातून टेहळणी केलेला ओ. जी. एस. क्रॉफर्ड 1920मध्ये ऑर्डनन्स सर्व्हेचा पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला. वरून पाहिलं की जमीन वाचता येते, हे त्याने पटवून दिलं. दुसऱ्या महायुद्धानंतर केंब्रिज विद्यापीठाचे जे. के. सेंट जोसेफ वर्षानुवर्षं विमानातून इंग्लंडच्या शिवारांची छायाचित्रं घेत राहिले. इतिहासकार मॉरिस बेरेसफर्ड यांच्या जोडीने त्यांनी 1958मध्ये मध्ययुगीन इंग्लंडचं हवाई दर्शन घडवणारं पुस्तक काढलं आणि हरवलेली गावं, वाडे, खंदक सामान्य वाचकाला एकदम दिसू लागले.

ह्यामागचं कारण कोणत्याही शेतकऱ्याला पटेल असं साधं आहे. बुजलेल्या चरात गाळाची भुसभुशीत माती खोलवर असते. ती ओल धरून ठेवते. उन्हाळ्यात आजूबाजूचं पीक पिवळं पडतं तेव्हा चरावरची बार्ली हिरवी राहते, चार बोटं उंच वाढते, उशिरा पिकते. उलट जिथे खाली भिंतीचा पाया आहे तिथे मुळांना जागा नाही, ओल नाही. पीक खुरटतं आणि आधी वाळतं. जमिनीवरून चालताना हा फरक जाणवतही नाही. पाचशे मीटर उंचीवरून पाहिलं की शेतात चौकोन उमटलेला दिसतो. दुष्काळ जितका कडक, तितकी ही अक्षरं ठळक. 1976 आणि 2018 ही इंग्लंडमधली कोरडी वर्षं शेतकऱ्यांना जड गेली, पण हवाई पाहणी करणाऱ्यांना त्या उन्हाळ्यांनी कधी न दिसलेल्या जागा दाखवल्या. पीक नसेल तर सूर्य मदत करतो. हिवाळ्यात संध्याकाळच्या तिरप्या उन्हात वीतभर उंचवट्याचीही सावली पडते.

अलीकडे ह्यात लायडारची भर पडली. विमानातून लेसरचे ठोके जमिनीवर सोडायचे आणि परतीच्या वेळेवरून उंची मोजायची. झाडांच्या फटींतूनही काही किरण जमिनीपर्यंत पोचतात, त्यामुळे रानाखालचा खंदकही संगणकावर उघडा होतो. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने हे मोजमाप मुळात पूर आणि किनारपट्टी ह्यांच्या अभ्यासासाठी केलं. 2015मध्ये ते सगळं मोफत खुलं केलं. आता निवृत्त शिक्षक, विद्यार्थी, गावची इतिहास मंडळं घरी बसून आपल्या शिवाराचा नकाशा न्याहाळतात आणि सरळ रेघ दिसली की परगण्याच्या नोंदवहीकडे कळवतात. सरळ रेघ आणि काटकोन निसर्ग सहसा काढत नाही, एवढं सूत्र त्यांना पुरतं.

मग माणसं प्रत्यक्ष शेतात उतरतात. हाताला कुदळ न लावताही पुष्कळ समजतं. जमिनीत विजेचा मंद प्रवाह सोडला की ओल्या गाळातून तो सहज वाहतो आणि दगडी पायाशी अडखळतो. चुंबकीय मोजणीत चुली, भट्ट्या, जळालेल्या मातीच्या जागा कळतात. नांगरटीनंतर रांगेने चालत खापरं वेचली की वस्ती कुठल्या शतकातली, ह्याचा अंदाज येतो.

व्हीलरचे चौकोन आणि उघडं अंगण

उत्खननाच्या पद्धतीत इथे महाराष्ट्राचा एक खरा धागा आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची परंपरा घडवणारे हसमुख सांकलिया 1930च्या दशकात लंडनला पीएच.डी. करत होते. तेव्हा त्यांनी मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली मेडन कॅसल ह्या प्राचीन टेकडी-किल्ल्यावर उत्खननाचे धडे घेतले. पुढे 1944मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेला त्यांनी भारतीय तरुणांची एक पिढी तयार केली. त्यांची पद्धत काटेकोर होती. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोनी खड्डे घ्यायचे आणि दोन खड्ड्यांमध्ये मातीचे बांध राखायचे. बांधाच्या उभ्या कडेत थर दिसतात. कुठला थर आधी, कुठला नंतर, हे चुकत नाही.

मध्ययुगीन शेतकऱ्याचं घर मात्र ह्या चौकोनांत हाती लागेना. त्याच्या भिंती कधी नुसत्या दगडावर टेकवलेल्या लाकडाच्या, कधी कुडाच्या. एका पिढीत घर उभं राही, पुढच्या पिढीत ते हातभर सरकवून पुन्हा बांधलं जाई. मागे राहते ती मातीच्या रंगातली किंचित छटा, आणि नेमकी ती बांधाखाली दडून बसते. यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सी ह्या ओसाड गावात पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट आणि मॉरिस बेरेसफर्ड यांनी 1950 ते 1990 अशी चाळीस वर्षं उन्हाळ्यामागून उन्हाळे काम केलं. डेन्मार्कच्या अ‍ॅक्सेल स्टीन्सबर्ग यांचा वस्तुपाठ समोर ठेवून हर्स्ट यांनी मधले बांध काढून टाकले आणि अख्ख्या घराची जागा एकाच वेळी उघडली. हीच मोकळ्या मैदानाची पद्धत पुढे खंदकवेढ्या वाड्यांना लावली गेली. चॅलग्रोव्हचा वाडा सबंध कळला तो असाच मोठा भाग एकत्र उघडल्यामुळे.

इकडे डेक्कन कॉलेजनेही 1968 ते 1983 ह्या काळात पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला विस्तीर्ण क्षेत्र उघडून ताम्रपाषाणयुगीन गावाची 130हून अधिक घरं शोधली. काळ तीन हजार वर्षांपूर्वीचा, माती वेगळी. पण प्रश्न तोच होता. राजधानीच्या बाहेर, शेताच्या कडेला राहणारी माणसं कशी जगली?

इंग्लंडमध्ये ह्या प्रश्नासाठी संघटित प्रयत्न सुरू झाले ते 1950च्या दशकात ओसाड गावांच्या अभ्यास गटापासून. खंदकांसाठी वेगळा गट 1970च्या दशकाच्या सुरुवातीला निघाला. जीन ल पातुरेल यांचा यॉर्कशायरच्या खंदकवेढ्या जागांवरचा ग्रंथ 1973मध्ये आला. वेगवेगळ्या अभ्यासकांचे निबंध एकत्र करणारा, एफ. ए. आबर्ग यांनी संपादित केलेला संग्रह 1978मध्ये निघाला. त्यातून देशाचा नकाशा भरत गेला. पुढे 1986मध्ये दोन्ही गट एकत्र आले, कारण वाडा आणि गाव वेगवेगळे अभ्यासून भागत नाही हे सर्वांना पटलं होतं. वाड्याच्या मालकाची शेती गावच्या कुळांच्या घामावर चालत होती.

गाळाची साक्ष

खंदकाचं उत्खनन म्हणजे पाण्याशी झुंज. खंदकावर आडवा छेद घ्यायचा, पंप लावून पाणी उपसत राहायचं, आणि वरच्या भरावापासून तळाच्या काळ्या गाळापर्यंत थराथराने उतरायचं. वरच्या थरात बुजवणीची माती, पडलेली कौलं, दगड. त्याखाली वाडा ओस पडल्यानंतर साचलेला पालापाचोळा. आणि तळाशी, हवा न पोचलेल्या चिखलात, वापरातल्या दिवसांचा ऐवज.

हवा नसेल तर कुजवणारे जीव जगत नाहीत. म्हणून कोरड्या जमिनीत काही दशकांत नाहीसं होणारं लाकूड, चामडं, दोर, बिया, किड्यांचे पंख खंदकात सातशे वर्षं टिकतात. गाळाचे नमुने बादल्यांत भरून प्रयोगशाळेत नेतात, बारीक जाळीच्या चाळण्यांतून धुतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण वेगळा करतात. परागकणांवरून आसपास रान होतं की शेत, कोणती धान्यं होती, कुरण किती होतं ते कळतं. किड्यांचीही साक्ष निघते. धान्याला लागणारे सोंडे मिळाले की जवळ कोठार होतं. शेणकिडे मिळाले की गोठा जवळ. स्वच्छ पाण्यातले किडे जाऊन सांडपाण्यातले आले की खंदकाची निगा सुटली.

यॉर्कशायरच्या काऊइक इथल्या खंदकाचा संबंध दुसऱ्या एडवर्ड राजाशी, म्हणजे चौदाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकाशी आहे. 1976मध्ये तिथे काम झालं. वनस्पतींच्या अवशेषांचे अभ्यासक जेम्स ग्रेग यांनी त्या गाळाचा अभ्यास करताना खंदकांकडे एकूणच कसं पाहावं ह्यावरही लिहिलं. त्यांच्यासारख्या लोकांमुळे खंदक हा वाड्याच्या भोवतीचा नुसता खड्डा राहिला नाही. पुराव्यांचा तो सर्वांत श्रीमंत भाग ठरला.

पुलाची लाकडंही बोलतात. ओकच्या खोडात दर वर्षी एक वलय वाढतं, ओल्या वर्षी जाड, कोरड्या वर्षी बारीक. शेकडो वर्षांच्या वलयांचा क्रम आता ठाऊक आहे. तुळईच्या सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कुठल्या साली तोडलं, हे सांगता येतं. राजाच्या दप्तरात ज्याची नोंद नाही त्या पुलाची तारीख अशी लाकडातून मिळते.

चॅलग्रोव्हला कागद आणि माती दोन्ही होतं. तिथला वाडा बॅरेंटिन घराण्याचा, हे दस्तऐवजांवरून ठरवता आलं. घराण्याचा मोठा पुरुष ड्रू द बॅरेंटिन तिसऱ्या हेन्रीच्या घरदरबारातला सरदार होता आणि चॅनल बेटांचा कारभारही त्याने पाहिला. तेराव्या शतकाच्या मध्यावर हे ठाणं त्या घराण्याकडे होतं. उत्खननात मात्र त्यांच्याही आधीच्या वस्तीच्या खुणा असाव्यात असं दिसलं. पुढच्या पिढ्यांनी वाडा जसाच्या तसा ठेवला नाही. दालनं वाढवली, पाडली, पुन्हा बांधली. गावच्या चर्चमध्ये ह्याच घराण्यातल्या पुरुषांचे पंधराव्या शतकातले पितळी स्मृतिपट आहेत. ड्रू बॅरेंटिन ह्याच नावाचा एक सोनार लंडनचा दोनदा महापौर झाला, 1398 आणि 1408 साली. म्हणजे चॅलग्रोव्हच्या चिखलातल्या स्वयंपाकघराचा धागा लंडनच्या सराफी पेढीपर्यंत पोचतो.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस ही मालमत्ता ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेली. कॉलेजला इथे राहायचं नव्हतं, उत्पन्न हवं होतं. वाडा पाडला गेला. दगड, लाकूड, कौलं अशी कामाची सामग्री गेली. पायाचे दगड काढून नेले की तिथे चर उरतो आणि तो मातीने भरतो. पुरातत्त्वज्ञ त्या भरलेल्या चराच्या आकारावरून नसलेली भिंत आखतात. चॅलग्रोव्हच्या आराखड्यातल्या अनेक रेषा अशा, काढून नेलेल्या दगडांच्या आहेत.

उत्खनन 1979मध्ये संपलं. सविस्तर अहवाल छापून आला 2005मध्ये. फिलिप पेज, केट अ‍ॅथर्टन आणि अ‍ॅलन हार्डी यांनी तो सिद्ध केला. सव्वीस वर्षांचा हा उशीर वाचकाला खटकेल. पण खणणं हे ह्या कामाचं पहिलं पाऊल. हाडं, खापरं, कौलं, धातू, बिया ह्यांची वर्गवारी, जुन्या लॅटिन दस्तऐवजांचं वाचन, नकाशांची जुळवाजुळव ह्यांना पैसा आणि माणसं लागतात. अहवालाशिवाय उत्खनन म्हणजे पुरावा फाडून टाकणं, कारण एकदा खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही.

एका हंगामात

हे वाडे ओस का पडले? 1315 ते 1317 ह्या वर्षांत सततच्या पावसाने पिकं कुजली आणि इंग्लंडसह उत्तर युरोपात भीषण दुष्काळ पडला. 1348-49मध्ये प्लेगची साथ आली आणि लोकसंख्येचा तिसरा ते निम्मा हिस्सा गेला. मजूर मिळेनात, मजुरी वाढली, जमीनदारांनी स्वतः शेती करण्याऐवजी जमिनी खंडाने देणं पसंत केलं. मालक दुसरीकडे राहू लागला की खंदक उपसायला कुणी उरत नाही. तरीही पाच-सहाशे वर्षं हे खळगे टिकून राहिले, कारण बैलांच्या आणि घोड्यांच्या नांगराने त्यांना वळसा घालणंच सोयीचं होतं.

खरा घाव विसाव्या शतकाच्या मध्यावर बसला. युद्धकाळात अन्नासाठी कुरणं मोडून शेतं काढली गेली. युद्धानंतर सरकारने धान्योत्पादनाला आणि निचऱ्याला अनुदानं दिली, ट्रॅक्टर मोठे झाले, बुलडोझर आले. सहाशे वर्षांचा खंदक एका हंगामात सपाट होऊ लागला. त्यात शेतकऱ्याचा दुष्टावा नव्हता. देशाला धान्य हवं होतं आणि त्या खळग्याचं मोल त्याला कुणी सांगितलं नव्हतं. इंग्लंडमधल्या पुरातन स्थळांची देशव्यापी पाहणी 1998मध्ये प्रसिद्ध झाली. 1945पासून सरासरी दर दिवशी एक नोंदलेलं स्थळ नष्ट झालं, हा तिचा निष्कर्ष आहे.

कायदा होता, पण तोकडा. पुरातन वास्तूंच्या रक्षणाचा पहिला ब्रिटिश कायदा 1882चा; आजचा मुख्य कायदा 1979चा. इंग्लंडमधली सुमारे 20,000 स्थळं संरक्षित यादीत आहेत आणि त्यांत खंदकवेढ्या जागा पुष्कळ आहेत. पण यादीत नाव असूनही, जिथे आधीपासून नांगरट चालू होती तिथे ठराविक खोलीपर्यंत ती चालू ठेवायला सवलत आहे. दर वर्षी फाळ थोडासा खाली जातो, उतारावरची माती धुऊन जाते, आणि काल सुरक्षित असलेला थर आज नांगराला लागतो.

फरक पडला तो शेतकऱ्याला सोबत घेतल्यावर. 2005नंतरच्या शेती-पर्यावरण योजनेत, पुरातन अवशेष असलेला तुकडा नांगरटीतून काढून गवताखाली ठेवला तर शेतकऱ्याला मोबदला मिळू लागला. 1990मध्ये सरकारने नियोजनाचं धोरण बदललं आणि बांधकाम करणाऱ्याने आधी पुरातत्त्वीय तपासणीचा खर्च सोसावा, असा पायंडा पडला. 1996च्या कायद्याने सोन्या-चांदीच्या ठेव्याचे नियम आधुनिक केले. पाठोपाठ 1997मध्ये, इतर छोट्यामोठ्या वस्तू सापडल्या तर त्यांची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना आली. तिच्यात आज दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आहे. त्यातल्या बहुतेक वस्तू शेतात सापडल्या.

आपली पांढरी

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे सगळं परमुलखाचं नवल म्हणून वाचून ठेवू नये. आपल्या जवळपास प्रत्येक जुन्या गावाला काळी आहे आणि पांढरी आहे. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. शतकानुशतकांच्या मातीच्या भिंती, राख, शेणकूट, हाडं मिसळून ती पांढरी झाली आहे आणि तिच्या टेकाडात सातवाहनांपासून पेशवाईपर्यंतचे थर असू शकतात. देशमुख-पाटलांच्या गढ्या ह्याच मातीत उभ्या राहिल्या. त्यांतल्या काहींना खंदकही होते. आज त्या ढासळत आहेत. पांढरीची माती माळवदांसाठी नेली जात होतीच. आता खत म्हणून आणि भरावासाठी ती ट्रॉल्या भरून जाते. जेसीबीला एक टेकाड उपसायला फार दिवस लागत नाहीत.

शेतकऱ्याच्या हातून किती मोठा शोध लागू शकतो, हेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. प्रवरेकाठच्या दायमाबादला 1974मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार भव्य वस्तू मिळाल्या: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही वस्तूंचं मिळून वजन साठ किलोहून जास्त. त्या वितळवल्या गेल्या असत्या तर भारताच्या ताम्रपाषाणयुगाचं एक पानच गेलं असतं. दायमाबादला धातू होता म्हणून लक्ष गेलं. खापर, कोळसा, जळलेलं धान्य ह्यांकडे तसं लक्ष जात नाही, आणि इंग्लंडच्या खंदकांनी शिकवलं ते हेच की इतिहासाचा मोठा भाग अशाच गोष्टींत असतो.

आपल्याकडे 1878चा निखात निधीचा कायदा आजही आहे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं त्याने बंधनकारक केलं आहे. 1960चा राज्याचा स्मारक कायदा आहे, राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. नाही ती गावागावांतली नोंद. ती गावातलाच माणूस करू शकतो. ह्या दिवाळीत गावी जाणाऱ्याने आपल्या पांढरीभोवती एक फेरी मारावी. गढी, टेकाड, बुजलेला खंदक, बारवेचे दगड जे दिसेल त्याचं छायाचित्र घ्यावं, शेजारी मोजपट्टी किंवा काठी ठेवून. गट नंबर लिहावा. वयस्कर माणसांना जागेचं जुनं नाव विचारून ते टिपावं. खापरं उचलून घरी आणू नयेत, ती जागच्या जागीच साक्ष देतात. आणि सपाटीकरणाचं काम निघालं असेल तर यंत्र लावण्याआधी ही माहिती पुरातत्त्व संचालनालयाकडे लेखी पोचवावी, ग्रामपंचायतीच्या दप्तरातही तिची प्रत ठेवावी. चॅलग्रोव्हला पथक वेळेत पोचलं म्हणून तो वाडा आज अभ्यासता येतो. आपल्या गावची जागा वेळेत कळवणं आपल्याच हातात आहे.